दाबोळी विमानतळ नेव्हीने बांधला? खुलासा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की गोव्याचा दाबोळी विमानतळ नेव्हीने बांधला आणि आयएनएस हंसा हा नेव्हीचा हवाई तळ सुरू झाला तोही तिथेच. दोन्ही चूक. धावपट्टी पोर्तुगीजांची, १९५०च्या दशकातली, तिथून त्यांची प्रवासी विमानं उडायची, डिसेंबर १९६१ला आपल्या हवाई दलाने तिच्यावर बॉम्ब टाकले आणि १९६२मध्ये ती नेव्हीकडे आली. हंसा तर गोवा मुक्त व्हायच्या आधीच, ५ सप्टेंबर १९६१ला, कोईमतूरजवळ सुलूरला सुरू झाला, दाबोळीला आला १९६४मध्ये. आणि हो, एअर ट्रॅफिक कंट्रोल आजही नेव्हीच बघते, प्रवाशांचं टर्मिनल तेवढं एअरपोर्ट अथॉरिटीकडे, त्यामुळे साधं एअरपोर्ट समजून धावपट्टीचे व्हिडिओ टाकू नका प्लीज, लढाऊ विमानं असतात तिथे.