नेक डाय की फुल लेंग्थ?

झाडलेल्या काडतुसांच्या पितळी केसेस पुन्हा भरण्यावरच्या (रीलोडिंग) एका लेखात म्हटलंय की टार्गेट रायफलला नेक सायझिंग डायच घ्या, म्हणजे केसचं फक्त तोंडाकडचं अरुंद टोक (नेक) मापात आणणारा साचा, केसेस जास्त टिकतात. मीपण तेच करायचो, पण ४-५ फायरिंगनंतर बोल्ट जड व्हायला लागला, एकदा ऐन मॅचमध्ये हँडलवर तळहात मारायची वेळ आली आणि पोझिशन मोडली ती मोडलीच. आता फुल लेंग्थ बुशिंग डाय वापरतो (हा पूर्ण केस मापात आणतो, नेकसाठी त्यात बदलता येणारी कडी, म्हणजे बुशिंग असते), पण शेल होल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत डोळे झाकून खाली फिरवत नाही, कंपॅरेटरने (शोल्डरची जागा मोजायचं साधन) मोजत मोजत शोल्डर, म्हणजे नेकखालचा उतार, फक्त ०.००१ ते ०.००२ इंच मागे ढकलतो. केसेस लवकर वाया जातात त्या शोल्डर नको तितका ढकलल्यामुळे, उगाच डायला कशाला दोष? बुशिंग घेताना लोड केलेल्या राउंडचा नेक मोजा आणि त्याहून साधारण ०.००२ इंच कमी मापाची घ्या. नेक टर्न केलेले (बाहेरून कातून एकसारख्या जाडीचे केलेले) नसतील तर मात्र एक्सपांडर (नेक आतून मापात आणणारा गोळा) हवाच, नाहीतर ब्रासच्या जाडीतला फरक सगळा आतल्या बाजूला जातो. आणि हो, ल्यूब (केस डायमध्ये अडकू नये म्हणून लावायचं वंगण) शोल्डरवर थापू नका, माझ्या पहिल्या बॅचमधल्या निम्म्या केसेसना खळगे पडले होते, मी आपला डायच खराब आहे म्हणून बसलेलो.