‘खायचाच फ्लेवर आहे, ओढला तर काय बिघडतं?’

भाच्याने मागच्या आठवड्यात एक मेसेज पाठवला. त्याच्या कॉलेजच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. खाली त्याने लिहिलं होतं, ‘मावशी, तू फ्लेवरमधली ना, खरं काय ते सांग.’

मेसेज थोडक्यात असा: आंबा-पॅशनफ्रूट, लिची असल्या एक्झॉटिक फ्लेवरचा वेप, म्हणजे ई-सिगारेट, ही नुसती पाण्याची वाफ. त्यातला फ्लेवर फूड-ग्रेड, आइस्क्रीममध्ये घालतात तोच. लिक्विड चांगलं की वाईट हे चवीवर कळतं: थेंब जिभेवर ठेवा, मग एक झुरका घ्या, कडवटपणा नाही, घशात खवखव नाही, म्हणजे माल शुद्ध. बाटली पंधरा दिवस मुरू द्या, चव अजून खुलते. आणि ब्रिटनच्या सरकारनेच वेप ९५ टक्के सुरक्षित असल्याचं सांगितलंय.

मी बावीस वर्षं इसेन्सच्या धंद्यात आहे. सरबतं, बिस्किटं, बर्फी, कुल्फी यांचे फ्लेवर चाखणं आणि त्यांच्यात खोट काढणं हे माझं रोजचं काम. या मेसेजने माझ्याच कामाची साक्ष काढली आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘पाण्याची वाफ’ हे आधी निकालात काढू. ई-लिक्विडचा मूळ द्रव प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचा असतो. त्यात फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन. आतली तारेची कॉइल तापते, द्रव उडतो आणि थंड होताना त्याचे अतिबारीक थेंब बनतात. जे पांढरं दिसतं ते या थेंबांचं धुकं. कॉइलचं तापमान साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या पुढे जातं आणि तिच्याभोवतीचा द्रव शोषणारा कापूस कोरडा पडला की आणखी चढतं. एवढ्या उष्णतेला ग्लिसरीन फुटून ॲक्रोलिन तयार होतं. कढईतलं तेल धुरावलं की डोळ्यांना जे झोंबतं, त्यात हेच असतं. थोडं फॉर्माल्डिहाइडही तयार होतं. बाटलीत यातलं काही नसतं, ते तापल्यावर जन्माला येतं. त्यामुळे बाटलीतला थेंब जिभेवर ठेवून त्याचा पत्ता लागण्याची शक्यताच नाही.

आता फूड-ग्रेडबद्दल. सगळ्यांना पटणारा मुद्दा हाच आहे आणि सगळ्यात घातक गल्लतही इथेच आहे.

घरी विरजण लावून ताक घुसळताना लोणी वर यायला लागतं, तेव्हा घरभर एक वास दरवळतो. त्या वासातला मोठा वाटा डायॲसिटिल या रसायनाचा. लोण्यात ते आपोआप तयार होतं, पिढ्यान्‌पिढ्या आपण ते खात आलो आहोत. लोणी, मलई, कस्टर्ड असा फ्लेवर बांधायचा झाला तर ते आमच्या हाताशी असतंच. खाण्यात त्याने कुणाला इजा झाल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

२००० साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॅस्पर गावच्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात एक विचित्र गोष्ट समोर आली. तिथल्या आठ माजी कामगारांना ‘ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स’ हा दुर्मिळ आजार झाला होता. यात फुप्फुसातल्या सर्वात बारीक श्वासनलिका सुजून, वळ पडून कायमच्या अरुंद होतात. गेलेली ताकद परत येत नाही. तिथल्या सरकारी व्यवसाय-आरोग्य संस्थेने, नायोशने, तपास केला. सर्वाधिक धोक्यात होते मिक्सिंगवाले, गरम तेलाच्या टाकीत लोण्याचा फ्लेवर ओतणारे. टाकीवर वाकलं की डायॲसिटिलची वाफ थेट नाकातोंडात जायची. तेच पॉपकॉर्न लाखो लोक टीव्हीपुढे बसून खात होते. खाल्ल्यामुळे त्यांना हा आजार झाल्याचं दिसलं नाही. फ्लेवर तोच, दर्जा फूड-ग्रेडच. एकाच्या पोटात गेला, दुसऱ्याच्या छातीत, एवढाच फरक.

पोटात आम्ल आहे, पाचक रस आहेत, आणि शरीरभर पसरण्याआधी बहुतेक सगळं यकृताच्या हाताखालून जातं. फुप्फुसातल्या वायुकोशांची भिंत इतकी पातळ असते की हवा आणि रक्त यांच्यात जवळजवळ आडपडदाच नसतो. तिथे चाळणी लावायला कुणी बसलेलं नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या फ्लेवर बनवणाऱ्यांच्या संघटनेने, फेमाने, स्पष्ट सांगितलंय की फ्लेवरना ‘सुरक्षित’ म्हणून दिलेली मान्यता खाण्यापुरती आहे, ई-सिगारेटमध्ये वापरण्यासाठी नाही. फ्लेवर विकून ज्यांचं पोट चालतं त्यांचं हे म्हणणं आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, एफएसएसएआयचा परवानाही अन्नाचाच परवाना असतो.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये फ्लेवरवाल्या ५१ ई-सिगारेटी तपासल्या. ३९ मध्ये डायॲसिटिल निघालं. वेप ओढल्याने पॉपकॉर्नवाल्यांचाच आजार होतो असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध झालेलं नाही, आणि सिगारेटच्या धुरातही डायॲसिटिल असतं. माझं म्हणणं एवढंच की ‘खायला चालतं’ यावरून ‘ओढायला चालेल’ असा निष्कर्ष काढता येत नाही. जॅस्परला तो काढणं फार महागात पडलं.

प्रमाणाचाही विचार कुणी करत नाही. सरबताला लिटरमागे एखादा मिलि इसेन्स टाकला की पुरतो, जास्त झाला तर घोट घेववत नाही. ई-लिक्विड घरी मिसळणारे मात्र शेकडा ५ ते २० भाग फ्लेवर ओततात. आणि सरबत दिवसातून एखादा ग्लास पितो आपण, वेपचे झुरके शेकड्यांनी होतात.

आता चाखून पारखण्याचा मुद्दा. रविवारी भाचा घरी आला तेव्हा मित्राकडची बाटलीच घेऊन आला. दहा मिलिची, लेबलवर कापलेल्या हापूसचं चित्र, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही. मी वास घ्यायची कागदी पट्टी काढली, टोक बुडवलं आणि ऑफिसात बसते तशी बसले. पहिल्या क्षणी हिरवट, कैरीचा देठ मोडल्यावर चिकाबरोबर येतो तो वास. हा टर्पीन नावाच्या वासाच्या रसायनांचा. मिनिटभरात तो विरला आणि खालून पिकल्या गराचा, जरासा पीचकडे झुकणारा गोडवा वर आला. हा लॅक्टोन नावाच्या रसायनांचा. झाडावरच्या हापूसमध्येही साधारण असाच क्रम असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या गंधावर बरंच काम केलंय, त्यात दिसतं की फळ हिरवं असताना टर्पीनांचं राज्य असतं आणि लॅक्टोन आणि फ्युरानोन ही गोड वासाची रसायनं पिकताना उमटतात. पाचेक मिनिटांनी पट्टीवर जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास उरला, म्हणजे इथिल माल्टॉल या गोड वासाच्या रसायनाचा. बांधणी चांगली होती. मला आवडली, हे मी भाच्यालाही सांगितलं. चांगल्या कामाला चांगलं म्हणायला हवं.

पण माझं नाक इथपर्यंतच चालतं. त्यात निकोटिन किती हे पट्टीने सांगितलं नाही. वेपच्या ‘आइस’ प्रकारात गारवा देणारी जी रसायनं घालतात त्यांतल्या कित्येकांना वासच नसतो. कॉइलमधून सुटणारे धातूचे कण तर कुठल्याच नाकाला कळत नाहीत. डायॲसिटिल नुसत्या पाण्यात असतं तर मी ते चिमूटभरही पकडलं असतं, पण आंबा-मलईच्या मिश्रणात ते वेगळं उभंच राहत नाही, ते ‘काय मलईदार आहे!’ होऊन भेटतं. म्हणजे चाखणारा ज्या गोष्टीला जास्त गुण देतो, तीच छातीला नको असलेली गोष्ट असू शकते. जीभ आणि नाक हे खाण्यावरचे पहारेकरी आहेत. नासलेलं दूध, कडू बदाम, खवट शेंगदाणा ते अचूक ओळखतात. तापवलेल्या ग्लायकॉलच्या धुक्याची त्यांना ओळखच नाही.

‘घशात खवखव नाही म्हणजे शुद्ध’ हे तर उलटं आहे. साधं निकोटिन अल्कधर्मी असतं, घशाला ओरबाडतं, त्यामुळे नवखा माणूस दोन झुरक्यांत खोकून थांबतो. त्यात बेंझॉइक ॲसिड मिसळलं की निकोटिनचा क्षार बनतो आणि तो घशातून अलगद उतरतो. सरबतं, जॅम टिकवायला ज्याचं बेंझोएट वापरतात तेच हे आम्ल. अमेरिकेतल्या जूल या वेप कंपनीने याच युक्तीने पाच टक्के निकोटिनचे पॉड, म्हणजे वेपमध्ये बसवायच्या द्रवाच्या कुप्या, विकले. एका पॉडमध्ये साधारण सिगारेटच्या एका पाकिटाइतकं निकोटिन असतं, असं कंपनीच सांगायची. त्यांचा आंब्याचा फ्लेवर पोरांमध्ये इतका चालला की चहूबाजूंनी दबाव आल्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांना फळांचे फ्लेवर तिथे थांबवावे लागले. घसा शांत राहिला म्हणजे निकोटिन कमी आहे असं नाही, ते जाणवू दिलेलं नाही एवढंच.

आणि थेंब जिभेवर ठेवण्याचा सल्ला कृपा करून कुणी पाळू नका. निकोटिन हे विष आहे आणि ते त्वचेतूनही शिरतं. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना उलट्या आणि चक्कर येतात त्या यामुळेच. घरात लहान मूल असेल तर आंब्याचं चित्र आणि आंब्याचा वास असलेली बाटली त्याच्या हाती लागायला किती वेळ लागतो?

मुरवण्याबद्दल थोडक्यात. लोणचं मुरतं तेव्हा मीठ, आम्ल आणि मसाला आपलं काम करत असतात. बाटलीत मुरतं ते वेगळं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की व्हॅनिला, दालचिनी, बदाम यांच्या वासाची ॲल्डिहाइडं बाटलीतच प्रोपिलीन ग्लायकॉलशी जोडली जाऊन ॲसिटाल नावाची नवी संयुगं बनतात. ती धुक्यातही उतरतात आणि श्वासमार्गाला चुरचुर लावणाऱ्या चेतातंतूंना चाळवतात. चव गोलाई घेते हे खरं. पण बनवणाऱ्याने जे ओतलं होतं ते आता तेच राहिलेलं नसतं.

राहिला ब्रिटनचा आकडा. तो पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१५ च्या अहवालातला. मुळात एका तज्ज्ञ गटाने अंदाजाने दिलेल्या गुणांवर तो उभा आहे, आणि तुलना आहे जळत्या सिगारेटशी. वीस वर्षं रोज पाकीट ओढणाऱ्याला सिगारेट सोडवण्यासाठी तो पर्याय सुचवला गेला. आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराची तुलना सिगारेटशी कशाला करायची, त्याची तुलना स्वच्छ हवेशी व्हायला हवी. शिवाय त्याच ब्रिटनने निकोटिनला मिलिमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, ई-लिक्विडमध्ये डायॲसिटिल घालायला बंदी केली आणि १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायचे वेप विकणंच बंद केलं. मेसेज पाठवणाऱ्याने यातलं काहीच लिहिलेलं नाही.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. साठवण वगळता बाकीच्यांत पहिल्याच गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे इथे हातात पडणारी प्रत्येक बाटली चोरवाटेची. तिच्यावर ‘झिरो निकोटिन’ लिहिलं असलं तरी ते तपासणारं कुणी नाही. ‘फूड-ग्रेड’चंही तेच. ती हापूसवाली बाटली मी भाच्याला परत दिली नाही.

निघताना तो म्हणाला, ज्याची बाटली आहे त्या मित्राला हल्ली जिना चढताना दम लागतो, पण डॉक्टरांना काय सांगायचं याची भीती वाटते. त्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना सांगते: छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि काय ओढलं, किती महिने, कुठल्या बाटलीतलं, सगळं सांगा. २०१९ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत वेप ओढणारी अडीच हजारांहून जास्त माणसं फुप्फुसं सुजून इस्पितळात गेली, ६८ दगावली. बहुतेकांनी गांजाच्या अर्काचे वेप ओढले होते आणि संशय जाऊन थांबला तो ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटवर. गोळीतून पोटात जातं, क्रीममधून चेहऱ्यावर लागतं, तेच हे. रुग्णांनी काय ओढलं ते सांगितलं, म्हणून डॉक्टरांना तिथपर्यंत पोचता आलं. सोडायचं असेल आणि जमत नसेल तर तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फोन मोफत लागतो.