पहिलीत ‘नुसता खेळ’? पालकांसाठी खुलासा

‘पहिलीच्या मुलांना तीन महिने फक्त खेळवतात, लिहिणं-वाचणं बंद केलंय’ असा मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. हे अर्धवट आहे.

जे चालू आहे त्याचं नाव ‘विद्याप्रवेश’. एनसीईआरटीने (शालेय अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं तयार करणारी केंद्राची संस्था) तयार केलेला, पहिलीच्या सुरुवातीचा हा 12 आठवड्यांचा शाळेच्या तयारीचा कार्यक्रम जुलै 2021 मध्ये जाहीर झाला. पहिलीत येणारी सगळी मुलं बालवाडी किंवा अंगणवाडीतून आलेली नसतात, म्हणून तो आहे.

आता खेळाचं म्हणाल तर, चिंचोके मोजून पाच-पाचचे गट करणं म्हणजे गणितच. ‘कमळ’मधला पहिला आवाज कोणता, तोच आवाज आणखी कशात येतो, हे शोधताना मूल वाचनाचा पाया घालत असतं. माती मळणं, मणी ओवणं, रेघोट्या मारणं यांतून बोटांत पेन्सिल धरण्याची ताकद येते. हात तयार नसताना पानभर ‘अ’ गिरवायला लावलेली मुलं रडकुंडीला येतात, आणि ते बघवत नाही.

वाचन-लेखन रद्द झालेलं नाही. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टांनुसार पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचावं आणि 99 पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात अशी अपेक्षा आहे.

तेव्हा वही कोरी दिसली म्हणून लगेच शिकवणी लावू नका. वर्गात आज काय केलं, हे आधी मुलालाच विचारा. शंका उरली तर वर्गशिक्षकांना भेटा.