नारळ, यंत्र आणि काकांची विहीर
विज्ञान पोचलं की श्रद्धा आपोआप मावळते, हे एका लेखात वाचलेलं वाक्य पटलं नाही. आमच्याकडे लातूर जिल्ह्यात गेल्या उन्हाळ्यात बोअर घेतला. पाणी शोधायच्या यंत्राने जागा दाखवून झाली तरी दादांनी पाणाड्या, म्हणजे नारळावरून पाणी सांगणारा, आणलाच. तळहातावर नारळ उभा राहिला तिथं चुन्याची फुली. (दोन्ही जागांत अंतर बारा पावलं!) काळ्या कातळात पाणी भेगांतनं फिरतं, ते नारळाला काय कळणार. पण खरी अडचण पुढंच. साडेपाचशे फुटांवर पाणी लागलं अन् शेजारच्या काकांची विहीर आटली. आता उपसा किती करायचा, हे ना यंत्र सांगतं ना नारळ. काय ‘आहे’ यावरून काय ‘असावं’ हे थेट काढता येत नाही, असं तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७४० मध्येच सांगून गेला. त्या लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही. काकांशी दादांचं बोलणं अजून बंदच आहे.