डोळे चमकदार, कल्ले लाल. म्हणून मासा सुरक्षित?

मासळीबद्दलचा एक संदेश सध्या जोरात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. घेताना माशाचे डोळे चमकदार आणि कल्ले लाल आहेत एवढं बघा, बाकी कशाची गरज नाही. नीट शिजवलं की कुठलंही विष उरत नाही. गोठवलेली मासळी म्हणजे शिळी. तळ्यात वाढवलेली म्हणजे रसायनांनी भरलेली, समुद्रातली तेवढी शुद्ध. नावात फसवणूक झालीच तर चार पैसे जातील, जिवाला काही होत नाही. लेबलं, दाखले, तपासण्या हा सगळा लहान मच्छीमारांचा गळा आवळण्याचा डाव आहे. आणि शेवटी ते हमखास वाक्य: "इतकी वर्षं खातोय, काही झालं का?"

डोळे आणि कल्ल्यांची परीक्षा खोटी नाही. सडू लागलेला मासा तिच्यात सापडतो. पण सडणं वेगळं आणि विषारी होणं वेगळं, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. ट्यूना, बांगडा, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. पाण्याबाहेर काढलेला मासा उबेत पडून राहिला की जिवाणू त्या हिस्टिडिनचं हिस्टामाइन करतात. मासा बोटीवर काही तास तसाच पडला आणि मग बर्फात गेला, तर बर्फ पुढची वाढ रोखतो. तयार झालेलं हिस्टामाइन मात्र तिथेच राहतं. असा मासा दिसायला आणि वासाला अगदी ठीक असू शकतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांमध्ये हिस्टामाइनची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडली की नाही हे सांगणारं नाक अजून कुणाला मिळालेलं नाही. म्हणून ज्याला हे काम कळतं तो खरेदीदार मासा हुंगून थांबत नाही. मासा बोटीवर किती वाजता आला, बर्फात कधी गेला, मांसाच्या आतलं तापमान किती होतं, याची नोंद तो मागतो.

लाल रंगाचंही तेच. ट्यूनाला कार्बन मोनॉक्साइडची धुरी दिली की मांसातल्या रंगद्रव्याशी तो वायू जखडून बसतो आणि मांस दिवसेंदिवस चेरीसारखं लाल दिसत राहतं. युरोपीय संघात याला बंदी आहे, अमेरिकेत नाही. युरोपात त्याऐवजी दुसरी वाट निघाली: डबाबंद करण्यासाठी मिठाच्या पाण्यात गोठवलेला ट्यूना नायट्राइटने समृद्ध भाजीपाल्याच्या अर्काने लाल करायचा आणि ताजा म्हणून विकायचा. २०१८मध्ये युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेने या प्रकाराविरुद्ध केलेल्या कारवाईत पन्नास टनांहून जास्त ट्यूना पकडला गेला. म्हणजे संदेशात जी खूण ताजेपणाचा पुरावा म्हणून दिली आहे, तीच रंगवणारा एक धंदा चालतो. संदेश लिहिणाऱ्यापेक्षा भामट्यांनी तो जास्त लक्षपूर्वक वाचला असावा.

आता शिजवण्याकडे येऊ. उष्णतेने जिवाणू मरतात, जंत मरतात, हे खरंच. हिस्टामाइन मरत नाही, कारण ते जिवंत नसतंच. ते उकळून, तळून, धुरी देऊन, डबाबंद करूनही टिकतं. सिग्वाटेराचं विष तसंच. प्रवाळांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म शैवालात ते तयार होतं, शैवाल खाणाऱ्या लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातं आणि ग्रूपर किंवा बॅराकुडासारखा मोठा मासा अगदी फडफडता असला तरी त्यात असू शकतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. बाधा झालेल्याला गार पाणी चटका दिल्यासारखं लागतं, इतकं ते मज्जासंस्थेत शिरतं.

शिंपल्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९८७ साली कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले आणि काही जण दगावले. जे वाचले त्यांच्यापैकी काहींची स्मरणशक्ती कायमची अधू झाली. कारण निघालं डोमोइक आम्ल, तेही शैवालातूनच आलेलं. शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं, आणि शिजवणाऱ्याचं कौशल्य तिथे काहीही करू शकत नाही. यावरचा उपाय स्वयंपाकघरात नाहीच. पाण्याचे आणि शिंपल्यांचे नमुने सतत तपासायचे आणि विष वाढलं की तेवढा किनारा काढणीसाठी बंद ठेवायचा. म्हणजे तीच तपासणी, जी संदेशाला डाव वाटते. पाऱ्याबद्दल तर मिनामाता हा एकच शब्द पुरे: जपानमधलं हे गाव, जिथे कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांच्या अंगात गेला. १९५६मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. मासे ताजे होते, स्थानिक होते, आणि शिजवून पारा जात नाही.

गोठवलेली म्हणजे शिळी, यावर फार वेळ घालवत नाही. पकडल्यानंतर काही तासांत बोटीवरच गोठवलेला मासा, आठवडाभर बर्फात फिरून आलेल्या 'ताज्या'पेक्षा सरस निघतो. कच्चा खायचा असेल तर गोठवणं हीच सुरक्षितता आहे: ॲनिसाकिस हा जंत मारण्यासाठी युरोपीय नियम उणे २० अंशांवर किमान २४ तास सांगतो, अमेरिकेतलं मार्गदर्शन सात दिवस सांगतं. गोठवलेल्यात लबाडी होते ती वेगळ्याच जागी. कोळंबीवर बर्फाचा पातळ थर चढवतात तो सुकू नये म्हणून. तोच थर जाड केला आणि वजनात धरला, की गिऱ्हाईक पाण्याला कोळंबीचा भाव देतं.

तळ्यातल्या मासळीबद्दलच्या आरोपात तथ्य आहे, तेवढं मान्य करायला हवं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविकं, मॅलाकाइट ग्रीन हा रंग, यांचे अंश पाळीव कोळंबी आणि माशांत वारंवार सापडले आहेत आणि त्यापायी माल परत गेला आहे. पण 'समुद्रातली शुद्ध' हे कुठून आलं? पारा आणि सिग्वाटेरा समुद्रातल्याच माशांत आहेत. शिवाय २०२२मध्ये जगातल्या जलचर प्राण्यांच्या उत्पादनात मत्स्यशेतीचा वाटा ५१ टक्के झाला. पकडीपेक्षा शेती पहिल्यांदाच पुढे गेली. निम्म्याहून जास्त मासळी एका वाक्यात बाद करण्यापेक्षा ती तपासते कोण, हे विचारायला हवं. उत्तर उत्साहवर्धक नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी २०११मध्ये दाखवून दिलं की २००९ या वर्षात आयात मासळीपैकी जेमतेम ०.१ टक्के माल औषधांच्या अंशांसाठी तपासला गेला होता. लेबल असलं म्हणजे तो मासा कुणीतरी प्रयोगशाळेत नेला होता, असा अर्थ नाही. संदेश तपासणीवर चिडतो ते चुकीच्या कारणासाठी. ती जास्त नाही, फार कमी आहे.

सगळ्यात घातक वाक्य मात्र नावाच्या फसवणुकीबद्दलचं आहे. २००७ साली शिकागोत दोघांनी मंकफिश म्हणून आणलेला मासा खाल्ला आणि दोघे आजारी पडले. डीएनए तपासणीत तो पफरफिश निघाला, म्हणजे अंग फुगवणारा केंड. त्यातलं टेट्रोडोटॉक्सिन श्वास बंद पाडू शकतं. एस्कोलार नावाचा मासा 'पांढरा ट्यूना' म्हणून सर्रास विकला जातो. त्यातली मेणासारखी चरबी माणसाला पचत नाही आणि पोट असं बिघडतं की जपानने १९७७मध्येच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. ओशियाना या संस्थेने २०१० ते २०१२ या काळात अमेरिकेत १,२१५ नमुने तपासले. 'रेड स्नॅपर' म्हणून विकलेल्या १२० नमुन्यांत खरे फक्त ७. न्यूयॉर्कमध्ये हॅलिबट आणि स्नॅपरच्या नावाखाली टाइलफिश सापडला, जो गरोदर बायकांनी पाऱ्यामुळे खाऊ नये अशा अमेरिकी यादीत तेव्हा होता. डॉक्टरांचा सल्ला तंतोतंत पाळणारी बाई इथे नावापायी फसते.

याच अहवालातला, ३३ टक्के नमुन्यांवर चुकीचं नाव होतं, हा आकडा 'जगातला दर तिसरा मासा खोटा' म्हणून फिरवला जातो, तेही बरोबर नाही. ज्या जातींत अदलाबदल होते असा संशय होता त्याच मुद्दाम जास्त निवडल्या होत्या. फसवणुकीविरुद्ध बोलताना आकडा फुगवला, तर बर्फाचा थर चढवणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

डोकं आणि कातडी काढलेल्या तुकड्याची ओळख डोळ्यांनी पटत नाही, त्यामुळे नाव बदलणं सोपं, आणि नाव बदलता येत असेल तर चोरीचा मासा खपवणंही सोपं. नियमांचा मुद्दा इथे येतो. बेकायदा, नोंद न झालेली आणि अनियंत्रित पकड वर्षाला १.१ ते २.६ कोटी टन असावी, असा २००९चा अंदाज आहे. भर समुद्रात एका बोटीवरचा माल दुसऱ्या जहाजावर चढवला की कुठली बोट, कुठलं पाणी, कुणाचे हात, सगळं मिसळून जातं. २०१५मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी इंडोनेशियातल्या बेंजिना या बेटावरच्या गावात कोंडून ठेवलेले खलाशी शोधले, ते याच साखळीचा माग काढत.

कागदपत्रांचं ओझं लहान मच्छीमारावर जास्त पडतं, ही तक्रार मला खरी वाटते. एका बोटीच्या मालकाकडे अर्ज भरायला कारकून नसतो. पण फसवणुकीचा फायदा त्याला होत नाही. अमेरिकेत न्यू बेडफर्डचा कार्लोस राफाएल हा मोठ्या ताफ्याचा मालक होता. ज्यांच्या पकडीवर कडक मर्यादा, म्हणजे कोटा, होता असे मासे त्याने हॅडॉकसारख्या सैल कोट्याच्या माशांच्या नावाने नोंदवले, असे सुमारे ३५५ टन. २०१७मध्ये त्याला ४६ महिन्यांची शिक्षा झाली. कोटा पाळणारा लहान बोटवाला या काळात त्याच बाजारात त्याच्याशी स्पर्धा करत होता. बंदरावरच परदेशी बोटी अडवण्याची मुभा देणारा करार २००९मध्ये ठरला आणि लागू व्हायला २०१६ उजाडलं. लहान मच्छीमाराचा गळा कुणी आवळला असेल, तर या सात वर्षांसारख्या दिरंगाईने जास्त.

राहिलं 'काही झालं का?' हिस्टामाइनची बाधा झाली की काही मिनिटांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, आणि काही तासांत बहुधा सगळं ओसरतं. लक्षणं हुबेहूब ॲलर्जीची. डॉक्टरही पुष्कळदा तेच निदान करतात आणि त्या माणसाला मासे बंद करायला सांगतात. तो आयुष्यभर मासे टाळतो. उरलेला मासा कुणी तपासत नाही, बोटीपर्यंत तक्रार जात नाही, आणि त्याच खेपेतला दुसरा मासा, चमकदार डोळ्यांचा, लाल कल्ल्यांचा, दुसऱ्या कुणाच्या तरी ताटात जातो.