मामा, मिंडेन जहाज मुंबईचंच, पण अमेरिकेचं राष्ट्रगीत तिथं लिहिलं नाही

फॅमिली ग्रुपवर मामांनी तिसऱ्यांदा टाकलंय. "अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या जहाजावर लिहिलं, नेल्सनचं व्हिक्टरीपण आपलंच, चीनने आपल्याच जहाजावर गुडघे टेकले, अभिमान असेल तर पुढे पाठवा." दोनदा गप्प बसलो. पण आता ताईच्या पोराने ते शाळेच्या भाषणात घातलंय, हातवाऱ्यांसकट पाठ, म्हणून लिहितोय.

मेसेजमधलं राष्ट्रगीताचं जहाज म्हणजे ब्रिटिश युद्धनौका एचएमएस मिंडेन, ते मुंबईचं, हे मान्य. ७४ तोफा, सागवानी, जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलं, १८१० ला पाण्यात उतरलं. पण सप्टेंबर १८१४ मध्ये, इंग्रज-अमेरिका युद्धात, बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावर इंग्रजांचे रात्रभर तोफगोळे पडत होते तेव्हा ते गीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की मिंडेनवर नव्हताच! तो वकील, इंग्रजांनी धरलेल्या एका डॉक्टरला सोडवायला पांढरं निशाण लावून गेलेला, आणि हल्ल्याची खबर फुटू नये म्हणून त्यांनी त्यालाच अडकवून ठेवलं, तेही शेवटी त्याच्याच अमेरिकन गलबतावर, पहारा बसवून. हे लिहिलंय कोणी, तर त्याच्या मेव्हण्याने, रॉजर टॅनीने, जो पुढे अमेरिकेचा सरन्यायाधीश झाला. रात्रभर डेकवर येरझाऱ्या, सकाळी झेंडा दिसल्यावर खिशातल्या पत्राच्या पाठीवर खरडलेल्या ओळी, बाकीचं किनाऱ्यावर येताना होडीत, सगळं आहे त्यात. मिंडेन तेव्हा ईस्ट इंडीजच्या ताफ्यात, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला. आणि तिकडे असतं तरी ७४ तोफांचं एवढं धूड त्या उथळ पाण्यात किल्ल्याजवळ जाणार कसं, गोळे टाकायला छोटी बॉम्ब-जहाजं वापरली होती.

व्हिक्टरी, म्हणजे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं जहाज, इंग्लंडातल्या चॅथमचं, १७६५ चं, ओकच्या लाकडाचं. संपला विषय.

चीनचं मात्र खरंय, नाइलाजाने कबूल करतो. १८४२ चा नानकिंगचा तह एचएमएस कॉर्नवॉलिसवर झाला आणि ते मुंबईचंच. पण मामा, ते अफूचं युद्ध होतं हो! माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जायची, आणि त्या तहात हाँगकाँग इंग्रजांच्या घशात गेलं. वाडियांच्या सुतारांनी जहाज उत्तम बांधलं म्हणून आपण त्या लढाईच्या टाळ्या घ्यायच्या? आणि त्या पोराने?

त्यापेक्षा ट्रिंकोमली जहाज घाला की भाषणात. १८१७, मुंबई, सागवान, आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय, व्हिक्टरी कधीचं कोरड्या गोदीत जाऊन बसलंय. भाषण परवा आहे, ताईला मी फोन केलाय, मामा तुम्ही फक्त तो मेसेज डिलीट करा.