माझीबी सतराच

पेन साडेतीनशे रुपयांचं होतं, एवढं आधीच सांगून ठेवते.

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाचा माझा शोधनिबंध दिवाणी दाव्यांतल्या तहकुब्यांवर, म्हणजे सुनावणी पुढं ढकलण्यावर आहे. गाइड मॅडमना त्यात दहा वकिलांच्या मुलाखती हव्यात. नियम म्हणाल तर साधा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 मध्ये 2002 पासून लिहिलंय की सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या द्यायच्या नाहीत. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कारण खरंच हाताबाहेरचं असेल तर चौथीही देता येईल. त्या फटीतून काय काय निसटतं, ते विचारायला मी एका वकीलसाहेबांकडे खेटे घालतेय. मुलाखतीसाठी आतापर्यंत चार तारखा मिळाल्या. माझं कारण हाताबाहेरचं होतं की नाही, ते कुणी विचारलं नाही.

काल अकरापासून बाररूमबाहेरच्या बाकावर. शेजारी पहाटेच्या एसटीनं आलेले आजोबा, वाटपाच्या दाव्यातले. त्यांनी माझी प्रश्नावली परस्पर उचलली आणि चष्मा पुसला.

"तहकुबीची कारणं. चारच चौकटी?"

"चौथी 'इतर' आहे ना, आजोबा."

"इतरला एवढुशी जागा?"

पिशवीतून सुतळीनं बांधलेली जुन्या कॅलेंडरची पानं निघाली. मागच्या कोऱ्या बाजूला प्रत्येक तारखेचं कारण. जज्जसाहेब रजेवर. फाइल सापडंना. समोरचा वकील वरच्या कोर्टात. आपला वकील खालच्या कोर्टात. धाकला वारला, त्याचे वारस लावा. एका पानावर नुसतं 'उगीच'.

माझ्या एक्सेलची मला लाज वाटली. मी संमतीपत्र पुढं केलं.

"सही नको पोरी. थोरल्याच्या कागदावर एकदा केली, तीच अजून फेडतोय."

मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, पक्षकार चालणार नाहीत, नमुन्यात फक्त व्यावसायिक. आजोबांना हे फार लागलं.

"एकवीस वर्षं ह्योच धंदा हाय की माझा! फक्त फी मी देतो."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तसं मीही काय वेगळं करतेय? रिक्षा माझी, झेरॉक्स माझी, उद्या पेपर छापायचे पैसेही माझेच; पहिलं नाव मात्र मॅडमचं. याला मार्गदर्शन म्हणतात.

साडेपाचला साहेब घाईत बाहेर आले. "अगं, उत्तरं तूच भर ना! कायदा तुला माझ्यापेक्षा ताजा आठवतोय. मी सही करतो, आण." पेन घेतलं, टोपण काढलं, तेवढ्यात फोन वाजला. बोलता बोलता त्यांनी टोपण लावलं, पेन काळ्या कोटाच्या खिशात गेलं आणि कोट जिन्यावरून खाली गेला.

कारकुनानं डायरी उघडली. "सतरा तारीख घ्या, मॅडम."

"माझीबी सतराच," म्हणत आजोबांनी नवं पान काढलं, पेन्सिल जिभेला लावली आणि 'पोरीचा पेपर' असं लिहिलं. "कारण काय टाकू?"

"पेन नेलं."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि 'उगीच' लिहिलं.